वाघ्याचा चौथरा आणि शांत्याचं पान

गेल्या वर्षी गणपती बसले त्या दुपारी आमच्याकडच्या एकवीस मोदकांपैकी एकोणीस नाहीसे झाले. आई निरांजनात वात घालायला वळली, तेवढ्यात. उरलेले दोन घरंगळून पाटाखाली गेले होते म्हणून वाचले. ताटातलं केळीचं पान जागच्या जागी होतं, धुऊन ठेवल्यासारखं लख्ख. आरोपी देवघराच्या दारात बसलेला, आणि त्याच्या नाकाच्या शेंड्यावर तुपाचा एक थेंब. आईनं त्याच्याकडे पाहिलं, मग मूर्तीकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "दोन आहेत ना? मग नैवेद्य झाला. तू आरती सुरू कर."

त्याचं नाव शांतनू. आईनंच ठेवलं, नावाप्रमाणे गुण येतील या आशेनं. तीन आठवड्यांत त्याचा शांत्या झाला. गेली नऊ वर्षं इंदूरच्या राजेंद्रनगरात सकाळ-संध्याकाळ जी हाक ऐकू येते ती हीच. ती ऐकली की शेजारचे लोक ओटल्यावरच्या चपला उचलून आत नेतात. मराठी माणसांची ही जुनी वस्ती; दुपारी वामकुक्षी, रविवारी सकाळी पोहे-जिलेबी आणि पोह्यांवर जीरावन ही इथली घटना. शांत्यानं तिच्यात अनेक दुरुस्त्या केल्या आहेत. महूला एका परिचितांच्या लॅब्राडॉर कुत्रीला सात पिल्लं झाली, बाप अज्ञात. त्यातलं शेवटचं उरलेलं, कोणी न नेलेलं पिल्लू आम्ही आणलं. का उरलं होतं ते नंतर कळलं.

नुकसानीचा पूर्ण हिशेब मी देणार नाही. चपला मोजणं आम्ही चाळिसाव्या जोडाला सोडलं. सोफ्याचा एक हात, दोन रिमोट, माझ्या पासपोर्टचं शेवटचं पान, भावाच्या लग्नाच्या अल्बममधली नेमकी व्याहीभोजनाची पानं, आणि आईचं कानाचं यंत्र. हे शेवटचं सगळ्यात महाग पडलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा म्हणाले, "याला देऊन टाकू या कुणाला तरी." यंत्र पोटात गेल्यामुळे आईला ते ऐकू आलं नाही. मी पुन्हा मोठ्यानं म्हणाले. आई म्हणाली, "ऐकलं मी पहिल्यांदाच."

बाबांची पद्धत वेगळी होती. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी इतिहासाला वाहून घेतलं होतं, आणि शांत्याला सुधारायला ते इतिहासच वापरायचे. संध्याकाळी ओटल्यावर बसून ते त्याला रायगडावरच्या वाघ्याची गोष्ट सांगत. महाराजांच्या चितेत वाघ्यानं उडी घेतली, असं म्हणून ते थांबत आणि शांत्याकडे अपेक्षेनं पाहत. शांत्या त्यांच्या हातातल्या ग्लुकोज बिस्किटाकडे पाहत असे. मग बाबा स्वतःच पुस्ती जोडत: समकालीन कागदपत्रांत या कुत्र्याचा पुरावा मिळत नाही, ही कथा लोकांच्या मनात ठसली त्यात राम गणेश गडकऱ्यांच्या 'राजसंन्यास' नाटकाचाही वाटा आहे. आणि मग इंदूरकराच्या रास्त अभिमानानं शेवट: "पण तो चौथरा उभा राहिला तो आमच्या होळकरांच्या पैशांतून!"

हे मात्र खरं. शिवसमाधीजवळचा वाघ्याचा पुतळा १९३६ सालचा, आणि त्याला देणगी होती ती इंदूरच्या तुकोजीराव होळकरांची. तेव्हा ते गादीवर नव्हते. बावला खून प्रकरणानंतर १९२६ मध्ये त्यांनी मुलासाठी राज्यत्याग केला होता. त्यांचा लाडका कुत्रा नुकताच गेला होता, त्या दुःखात त्यांनी एका कुत्र्याच्या स्मारकाला हात सैल सोडला, अशीही एक कथा सांगितली जाते. खरी असो वा नसो, मला पटते. होळकरांचं कुलदैवत खंडोबा. राजवाड्यात आजही मल्हारी मार्तंडाचं मंदिर आहे. खंडोबासोबत कुत्रा असतोच, आणि चंपाषष्ठीला नैवेद्यातला वाटा कुत्र्याला घालायची रीत घराघरांत आहे. अशा घरातल्या माणसाला कुत्र्याचा चौथरा परका वाटला नसणार. पुढे त्या चौथऱ्यावरून वाद झाले. २०१२ मध्ये पुतळा उखडला गेला आणि पुन्हा बसवला गेला. २०२५ च्या मार्चमध्ये संभाजीराजे छत्रपतींनी तो हटवण्याची मागणी करणारं पत्र मुख्यमंत्र्यांना लिहिलं. त्या वादात पडण्याइतकी मी इतिहासाची जाणकार नाही. मला कुतूहल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचं: माणसं कुत्र्यांची स्मारकं बांधतात ती कसल्या कुत्र्यांची?

एडिंबरामध्ये ग्रेफ्रायर्स बॉबी आहे, १८७३ पासून. मालकाच्या थडग्याशी वर्षानुवर्षं बसून राहिला म्हणून. टोकियोच्या शिबुया स्टेशनाबाहेर हाचिको आहे. वारलेल्या मालकाची गाडी येईल म्हणून रोज वाट पाहत राहिला. त्याचा पहिला पुतळा १९३४ चा, म्हणजे आपल्या वाघ्याच्या दोनच वर्षं आधीचा. सगळे निष्ठावंत. चप्पल चावणाऱ्याचा चौथरा कुठेच नाही. (हाचिको मेल्यावर त्याच्या पोटात यकितोरीच्या, म्हणजे भाजलेल्या कोंबडीच्या, काड्या सापडल्या होत्या. स्टेशनाबाहेर ठेले होते. मला तर हाचिको त्यानंतर जास्तच आवडू लागला.) जॉन ग्रोगन या अमेरिकन स्तंभलेखकानं आपल्या बेताल लॅब्राडॉरवर 'मार्ली अँड मी' हे पुस्तक लिहिलं. ते २००५ मध्ये आलं आणि लाखोंनी खपलं. म्हणजे वाचक घरोघर आहेत, नसतो तो फक्त चौथरा.

मराठी भाषा तर कुत्र्याच्या बाबतीत निष्ठुरच. कुत्रं हाल खात नाही, शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. पण याच भाषेत नामदेवांची कथाही आहे. कुत्र्यानं भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी कशी खाशील म्हणून. लहानपणी ही कथा मला भूतदयेची वाटायची. आता वाटतं, नामदेवांच्या घरी त्या दिवशी बाकीच्यांनी काय खाल्लं असेल? ती बाजू कीर्तनात कधी येत नाही.

पहिली दोन वर्षं आम्ही शांत्याला 'समजावत' होतो. तो सहा महिन्यांचा होईपर्यंत दातांवर खापर फोडलं. ते योग्यही होतं. पिल्लाचे अठ्ठावीस दुधाचे दात त्या सुमारास पडून बेचाळीस पक्के येतात, हिरड्या शिवशिवतात. पण दात आले आणि चावणं तसंच राहिलं. आठव्या महिन्यात नवीनच तऱ्हा: आईनं 'बस' म्हटलं की उभा राहायचा, आणि शेजारच्या काकूंनी म्हटलं की लगेच बसायचा. आईला याचं फार लागलं. न्यूकॅसल विद्यापीठाच्या ल्यूसी अ‍ॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये नेमकं हेच नोंदवलं: आठ महिन्यांच्या आसपास कुत्री आपल्या माणसाचं ऐकेनाशी होतात, परक्याचं मात्र ऐकतात. मी तो लेख आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "तुझ्या दहावीत मला हे कुणी वाचून दाखवलं नाही."

खाण्याचं तसंच. केंब्रिजच्या एलेनॉर रॅफन यांनी २०१६ मध्ये लॅब्राडॉरांत एक जनुकीय त्रुटी दाखवून दिली. सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडॉरांत ती आढळते आणि असल्या कुत्र्यांची खाण्याची ओढ जास्त असते. शांत्याची तपासणी आम्ही केलेली नाही. गरजही नाही. रविवारी पोह्यांची बशी हातात घेऊन तुम्ही फोन उचलला, तर फोन ठेवेपर्यंत बशी उरते, पोहे नाहीत. त्यावरचा कच्चा कांदा कुत्र्याच्या रक्ताला घातक, म्हणून आमच्या घरी आता कांदा शेवटी, बसल्यावर, ज्याचा त्यानं घालून घ्यायचा.

आणि तो चेहरा! घरात काही फुटलं की कान पाडून, डोळ्यांतलं पांढरं दाखवत, भिंतीला घासत चालणं. बाबा म्हणायचे, बघ, कबुली दिली. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये चौदा कुत्र्यांवर प्रयोग केला. मालक खोलीबाहेर गेल्यावर कधी कुत्र्यानं मना केलेला खाऊ खाल्ला, कधी नाही. पण 'अपराधी' चेहरा दिसला तो मालक रागावला तेव्हा, खाल्लं असो वा नसो. म्हणजे ती कबुली नव्हे. समोरच्याच्या आवाजाला दिलेलं उत्तर. हे वाचल्यावर मला जरा ओशाळल्यासारखं झालं. वर्षभर आम्ही त्या चेहऱ्यावर खटले चालवले होते. एकदा तर निरपराध असताना शिक्षा झाली होती. रिमोट माझ्याच पर्समध्ये सापडला.

इथवरचं सगळं दिवाणखान्यात हसत सांगण्यासारखं. पुढचं नाही.

शांत्या चार वर्षांचा असताना पाण्याचं यंत्र दुरुस्त करायला एक मुलगा आला होता. स्वयंपाकघरात वाकून काम करत होता. शांत्या शेजारीच त्याच्या वाटीजवळ बसलेला. मुलाचा पाय वाटीला लागला आणि शांत्यानं त्याची पोटरी धरली. भुंकला नाही, गुरगुरलाही नाही. दोन दात आत गेले होते. नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुतली, मग त्याला घेऊन मी लाल अस्पतालात गेले. हुकूमचंद पॉलिक्लिनिक हे त्याचं खरं नाव, पण कुत्रा चावला की इंदूरकर 'लाल अस्पताल' एवढंच म्हणतात. लस त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. चारही वेळा मी त्याला नेलं, त्याचे बुडालेले दिवस भरून दिले. शांत्याला रेबीजची लस वेळच्या वेळी दिलेली होती, ते कार्ड मी सोबत नेलं होतं. कार्ड बघून मुलगा म्हणाला, "दीदी, वो भौंकता तो मैं पैर हटा लेता."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारण शांत्या पूर्वी गुरगुरायचा. वाटीजवळ कुणी गेलं की घशातून बारीक आवाज काढायचा, आणि आम्ही प्रत्येक वेळी त्याला रागावलो होतो. पाहुण्यांसमोर गुरगुरतो म्हणजे काय! नाकावर वर्तमानपत्राची सुरळी मारली होती. तो शिकला. गुरगुरायचं नाही एवढंच शिकला. आम्ही घंटा काढून घेतली होती आणि आगीला दोष देत होतो. आमच्या पशुवैद्यांनी हे शांतपणे, एका वाक्यात सांगितलं. मी घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. भुंकणारं कुत्रं चावत नाही ही म्हण आम्ही उलट्या बाजूनं सिद्ध केली होती.

'बिनशर्त प्रेम' या शब्दाबद्दल माझा संशय तेव्हापासूनचा. इंदुरात मला अशी घरं माहीत आहेत जिथे कुत्रा तीन जणांना चावला आहे आणि मालक अजून म्हणतात, तो फक्त खेळतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ सांगतं की पाळलेल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणं हा गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शर्ती असतात. पण त्या कुत्र्यावर नसतात, आपल्यावर असतात. त्या मुलाच्या पोटरीवरच्या दोन खुणांवर माझ्या प्रेमाचा हक्क नव्हता.

मग घर बदललं. शांत्या फारसा बदलला नाही. स्वयंपाकघराला कमरेएवढं लाकडी फाटक आलं. बाहेरचा माणूस यायच्या आधी शांत्या मागच्या खोलीत. रस्त्यावर तोंडाला जाळी. ती जाळी घालायला त्याला शिकवण्यात दीड महिना गेला: आत पनीरचा तुकडा, मग नाक, मग पट्टा, मग पुन्हा पनीर. जेवताना त्याच्या वाटीजवळ कुणी जायचं नाही, गेलंच तर वाटीत काहीतरी टाकायला. हळूहळू त्याचं गुरगुरणं परत आलं. पहिल्यांदा तो बारीक आवाज ऐकू आला तेव्हा आई आनंदानं ओरडली, "ऐकलंस का? बोलला!" आवाज ऐकू आला तो नव्या यंत्रातून.

सकाळच्या कचरागाडीशी त्याचं वैर मात्र मिटलेलं नाही. हे शहर २०१७ पासून देशात स्वच्छतेत पहिलं येत आलंय, आणि त्या पहिलेपणाचं गाणं लाऊडस्पीकरवर वाजवत गाडी रोज गल्लीत शिरते. कोपऱ्यावर पहिला सूर लागला की शांत्या ओटल्यावर जाऊन आकाशाकडे तोंड करतो आणि शेवटच्या कडव्यापर्यंत साथ देतो. गाडीवरचा भिया आमच्या दाराशी आवाज थोडा वाढवतो, असा मला दाट संशय आहे. आई ओला आणि सुका डबा दोन हातांत घेऊन उभी असते; तिसरा डबा शांत्याचा. त्याचं रस्त्यावरचं ती स्वतः कागदात उचलते, शहात्तराव्या वर्षी, गुडघा धरून. मी उचलते म्हटलं तर म्हणते, "तू नीट उचलत नाहीस."

दिवाळी हा आमच्याकडे सगळ्यात अवघड सण. माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला चाळीस हजारांच्याही पुढे. धनत्रयोदशीपासून शांत्या न्हाणीघरात राहायला जातो. आई तिथे स्टूल टाकून बसते, नळ बारीक सोडते, त्या आवाजानं फटाके थोडे झाकतात म्हणून. फराळाचे डबे कपाटावर, आणि बेसनाच्या लाडवांत बेदाणे नाहीत. सहा वर्षांपूर्वी होते. पाडव्याच्या रात्री त्यानं अख्खा डबा पाडला, अकरा लाडू. बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, हे मला त्या रात्री साडेअकराला फोनवर कळलं. उलटी करवली, सलाइन लावलं, पहाटे चारला घरी आलो. बाबा मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. गाडीत कुणी बोललं नाही. घराच्या कोपऱ्यावर बाबा म्हणाले, "लाडू बाकी चांगले झाले होते म्हणायचे."

पुढल्या वर्षी बाबा अंगणात पडले. घरी मी नव्हते, आई देवळात गेली होती. खुब्याचं हाड मोडलं. वीसेक मिनिटं ते फरशीवर पडून होते. अशा वेळी कुत्रा काय करतो हे आपण सगळ्यांनी सिनेमात पाहिलेलं आहे. शांत्या आला. बाबांचं तोंड हुंगलं. बाबा म्हणाले, "शांत्या, कुणाला तरी बोलव." शांत्यानं त्यांच्या सदऱ्याच्या खिशात नाक घातलं, बिस्किटाचा पुडा काढला आणि जास्वंदीखाली जाऊन बसला. शेवटी काकूंनी भिंतीवरून पाहिलं. बाबांनी ही गोष्ट पुढे दोन वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितली, आणि दर वेळी वाघ्याच्या उडीपासून सुरुवात करून. हसताना त्यांचा खुबा दुखायचा, तरी सांगायचे.

बाबा गेले तेव्हाही शांत्यानं काही विशेष केलं नाही. उपाशी राहिला नाही, त्यांच्या खुर्चीपाशी बसून राहिला नाही. भेटायला आलेल्यांच्या चपला मात्र ओळीनं अंगणात नेऊन ठेवल्या, त्यातल्या दोन खाल्ल्या.

तेराव्याला पुण्याहून भाऊ, वहिनी, सगळे आले होते. गुरुजींनी कावळ्याचं पान वाढायला सांगितलं. भावानं ते गच्चीच्या कठड्यावर ठेवलं, हात जोडले, आणि आम्ही लांब उभे राहिलो. एक कावळा विजेच्या तारेवर येऊन बसलाही. वाट पाहणं चाललं होतं. कुणी गच्चीचं दार लावलं नव्हतं. शांत्या पाण्याच्या टाकीवरून कठड्यावर कसा चढला ते कुणालाच दिसलं नाही. दिसलं तेव्हा भात, वरण, वडा, खीर गेलं होतं आणि तो पान पायाखाली धरून चाटत होता. कावळा उडाला. भाऊ पांढराफटक पडला. वहिनी म्हणाली, "आता?"

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी वयस्कर होते, राजेंद्रनगरातलेच. शांत्यानं त्यांचं पंचांग एकदा नेलेलं होतं. ते म्हणाले, "पाच बळी असतात. गाय, कुत्रा, कावळा, देव, मुंगी. त्याचा वाटा त्यानं आधी घेतला. कावळ्याला दुसरं पान वाढा."

भाऊ खाली पान आणायला गेला. शांत्या कठड्यावरून उतरून पान तोंडात धरून टाकीमागे पळाला. आई इतका वेळ जिन्याच्या पायरीवर बसून होती. ती गुडघा धरून उठली, वाढायच्या ताटातली तुपाची वाटी उचलली आणि टाकीकडे निघाली.

"आई, कुठे?"

"भातावर तूप घालायचं राहिलं होतं," ती म्हणाली.